एक्केचाळीस जणींचे फोटो

३ फेब्रुवारी, सोमवार

लातूरच्या क्लासवाल्याची वेबसाइट एकदाची सुरू झाली. त्याला पानाच्या कोपऱ्यात एक चौकट हवी होती: ‘आत्ताच औशाच्या विद्यार्थ्याने प्रवेश घेतला’. दर चाळीस सेकंदांनी नवं गाव, नवं नाव. असं करणारं प्लगिन तयार मिळतं. मी बसवलं. विद्यार्थी कुणी नाही, प्रवेश कुणी घेतलेला नाही. नावांची यादी मीच बसून केली, आणि सुचेनात तेव्हा मावसभावंडांची नावं घातली. सर खूश. “मॅडम, एकदम जिवंत वाटायलंय!” मला दिवसभर बोटांना काहीतरी चिकट लागल्यासारखं होतंय. दोनदा साबणाने हात धुतले.

संध्याकाळी आनंदराज सोनकांबळे यांचा फोन. इथेच नांदेडात एका पतसंस्थेत आहेत. त्यांची आत्या नायगावला विधवा, टाकलेल्या, घटस्फोट झालेल्या बायकांची लग्नं जुळवते. वीस वर्षं झाली, सगळा कारभार वह्यांत. आता ते ऑनलाइन करायचं आहे. “आत्याला ह्यातलं काहीच समजत नाही. तुम्ही ठरवाल ते.”

हो म्हटलं. ज्याला काही समजत नाही असं गिऱ्हाईक निदान खोटी नावं तरी मागत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चूक केली.

त्या आत्या, सुमनबाई, आज ऑफिसात आल्या. वय बासष्ट, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त. पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. “जय भीम माय,” म्हणून खुर्चीत बसल्या त्या पावणेतीन तास उठल्या नाहीत. प्रत्येक गोष्ट विचारायची. वेबसाइट राहते कुठे? ती बंद कशी करायची? दुसऱ्यानं उघडली तर?

प्लगिन म्हणजे काय ते सांगताना माझा घसा बसला. शेवटी म्हटलं, “मावशी, साइट म्हणजे माणूस समजा. फॉर्म भरून घ्यायचा एक तुकडा, फोटो दाखवायचा एक, कुलूप लावायचा एक. तयार तुकडे बाहेरून आणून जोडायचे. त्याला प्लगिन म्हणतात.”

“म्हंजी औषधं.”

“हां, तसंच.”

“मग एकाचं दुसऱ्याशी जमतंय का बघावं लागंल. दोन गोळ्या येगयेगळ्या चांगल्या असतेत. संगं दिल्या की पेशंट झटके द्यायला लागतंय.”

मी हसून ‘बरोबर’ म्हटलं आणि घड्याळ बघितलं. त्यांच्या पिशवीला फिनाईलचा वास येत होता, तो अजून खोलीत आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नायगावला जाऊन आले. केंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली, एक स्टीलचं कपाट. कपाटाची किल्ली बाईंच्या गळ्यातल्या दोऱ्यात. सात वह्या. अक्षर नर्सचं, तापाच्या तक्त्यासारखं नेमकं.

गंमत म्हणजे वहीत फोटो नाहीत. फोटो वेगळ्या पाकिटांत, पाकिटावर नुसता आकडा. वहीत नाव, पण गाव नाही. गावं तिसऱ्याच वहीत, ती घरी ट्रंकेत. मी विचारलं, हा काय घोळ?

“एक वही कोन पळवली तर त्याला एकच गोष्ट गावंल,” म्हणाल्या. “ह्यातल्या निम्म्या बाया कोनाला तरी चुकवून राहिल्यात, दीपा.”

वीस वर्षांचा हा द्राविडी प्राणायाम. एक बाई शोधायला तीन ठिकाणी बोट फिरवायचं. मी सांगितलं, आता सगळं एका जागी, एका क्लिकवर. त्यांनी मान हलवली, पण कपाट बंद करताना दोनदा ओढून बघितलं. अशा संशयी स्वभावाने माणूस म्हातारा लवकर होतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्लगिन निवडायचा दिवस. ह्या कामाचा मला मनापासून तिटकारा आहे. फॉर्मचीच साठ-सत्तर प्लगिनं, प्रत्येकाला पाच तारे, प्रत्येक जण जगात पहिला. सगळी भाजीबाजारात ओरडल्यासारखी.

दोन उरली. एकात फोटो वेगळ्या बंद जागेत राहतात, पण प्रत्येक बाईने ईमेलवरून खात्री करायची, सुमनबाईंनी दर वेळी फोनवर आलेला आकडा टाकून आत शिरायचं. मला डोळ्यांसमोर दिसलं: रोज सकाळी फोन, ‘दीपा, आकडा आला न्हाई’. दुसरं सोपं. दोन तासांत बसतं. त्याच्या खाली एकाने एकच तारा देऊन लिहिलंय की पाठवलेल्या फाइली उघड्यावर पडतात. एक तारा देणारे लोक लग्नातल्या रुसलेल्या जावयासारखे. त्यांना काहीतरी खुपतच असतं.

सोपं घेतलं.

आनंदराजना साइट गुगलवर वर यायला हवी, म्हणून त्याचंही एक प्लगिन. फोटो सापडायला सोपं पडावं म्हणून फाइलींना नावं आपोआप पडतील असं केलं: नाव, गाव, वय. ही युक्ती माझी. बरी जमली.

सुमनबाईंना यादी वाचून दाखवली. “ह्याच्यातलं कोनतं कशासाठी, लिहून दे,” म्हणाल्या. देते म्हटलं. कोण लिहीत बसतं!

२४ फेब्रुवारी, सोमवार

आईने परत फोटो मागितला. कुणी देगलूरचं स्थळ, मुलगा बँकेत. “एक साडीतला दे, त्यांच्या काकूला पाठवते.” मी साफ नाही म्हटलं. काकू कुणाला पाठवेल, तो कुणाला, माझा चेहरा कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून राहील. दोन वर्षांपूर्वी ठरलेलं मोडलं तेव्हा माझा फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस फिरत होता, खाली शेरे. ते आठवलं की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आई म्हणाली, “इतकी कशी गं तू संशयी!”

२ मार्च, रविवार

बाईंनी आज बेजार केलं. साइट तयार आहे, नुसत्या नोंदी भरायच्या. पण त्या प्रत्येक बाईला आधी फोन करून विचारणार. एक्केचाळीस जणी. मी नायगावला लॅपटॉप घेऊन बसलेली, आणि ह्या एकेकीशी सुखदुःखाच्या गप्पा.

माझ्याकडे वळून तीन वेळा तेच. “बाहिरच्याला फोटो दिसतोय का?” नाही. “नक्की?” नाही, मावशी. “तू बघितलंस?” मी माझ्या फोनवर एका बाईचं पान उघडून दाखवलं. ‘प्रवेश नाही’ असं लाल अक्षरात आलं. तेव्हा कुठे गप्प बसल्या.

एक रेणुका म्हणून आहे. माहेर देगलूर, दिलेली उदगीरला. नवऱ्याने मनगट मोडलं होतं. गेल्या वर्षी कोर्टातून मोकळी झाली. आता लातूरला ब्लाउज शिवण्याच्या दुकानात कामाला, सहा वर्षांची मुलगी जवळ. नवऱ्याला पत्ता माहीत नाही. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवला.

“मावशी, फोटो फक्त तुमालाच दिसंल ना?”

बाईंनी फोन माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, “हो ताई. कुलूपबंद आहे. काही काळजी करू नका.”

“मग टाका,” ती म्हणाली.

परत येताना बसमध्ये शेजारच्याने खिडकीतून पान थुंकलं, वाऱ्याने माझ्या ओढणीवर. असा दिवस.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाचा मुहूर्त. एक पुढारी आला, त्याने लॅपटॉपचं बटण दाबलं, तेही चुकीचं. भाषणात ‘अबला’ सात वेळा. त्याच्या कार्यकर्त्यांनी बायकांच्या पुढच्या खुर्च्या बळकावल्या आणि सगळी बर्फी तेच खाऊन गेले. आनंदराज हसून हसून फोटो काढत होते. सुमनबाई मागे उभ्या, पदर तोंडाला.

१९ मार्च, बुधवार

सुमनबाईंचा फोन. कोणी पुरुष केंद्राच्या नंबरवर फोन करून रेणुकाचा पत्ता विचारत होता. त्याला तिचं नाव माहीत, लातूर माहीत. त्यांनी ‘अशी कोनी न्हाई’ म्हणून ठेवून दिला. “कुठून कळलं आसंल गं त्याला?”

म्हटलं, मावशी, गावाकडं काय लपून राहतं? कुणीतरी नातेवाईक बोलला असेल.

“साइटवरून तर न्हाई ना?”

न्हाई, न्हाई, न्हाई. किती वेळा सांगायचं?

२६ मार्च, बुधवार

सकाळी साडेनऊला सुमनबाईंचा फोन. रेणुकाचा नवरा दुकानात आला होता, काल दुपारी. रेणुका मशीनवर बसलेली. केसाला धरून रस्त्याकडे ओढलं. तिने सोडवून घ्यायला हात वर केला तर तिथलीच कात्री उचलून मारली. दंडाला नऊ टाके. मुलगी तिथेच होती, शाळेतून आलेली, डबा हातात. दुकानवाल्याच्या बायकोने आरडाओरडा केला म्हणून तो पळाला.

त्याच्या फोनमध्ये रेणुकाचा फोटो होता, लातुरात दुकानोदुकानी दाखवत विचारत आला होता. तोच, साइटसाठी काढलेला, हिरव्या साडीतला. लोकांना दाखवत म्हणत होता, “बघा, बाजार मांडलाय हिनं.”

सुमनबाई सांगताना रडल्या नाहीत. टाके किती, खोल किती, रक्त किती गेलं, असंच सांगत होत्या.

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता का तो फोटो? आठवून बघा. चुकून जातो.”

“बरं. बघते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेच होणार. फोन वापरता येत नाही, आणि मग खापर आमच्यावर.

२८ मार्च, शुक्रवार

आज दुपारी सहज म्हणून गुगलवर ‘रेणुका लातूर’ टाकलं.

पहिल्याच ओळीत ती. हिरवी साडी. खाली नाव, गाव, वय. दाबलं तर फोटो पानभर उघडला. कुठलंही लाल अक्षर आलं नाही.

मग बाकीची नावं टाकत गेले. शांता, देगलूर, ३४. एक मुखेडची. एक बिलोलीची, ती तर विधवा, दिराच्या घरात राहते, तिने घरात सांगितलेलंही नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. पान बंद होतं, मी फक्त पानच तपासलं होतं. फोटो बाहेर उघड्या फोल्डरमध्ये. फॉर्मच्या प्लगिनने ते तिथे टाकले, गुगलवाल्या प्लगिनने त्यांची यादी करून जगाला दिली, आणि नावं, गावं मी लावली. प्रत्येक तुकडा आपापलं काम बरोबर करत होता.

साइट बंद केली. फोल्डर पुसलं. गुगलला फोटो काढून टाकायचे अर्ज केले.

सुमनबाईंना ‘चुकून जातो’ म्हटलं होतं मी.

२९ मार्च, शनिवार

आनंदराजना सांगितलं. ते घाबरले, ते स्वतःसाठी. “मॅडम, माझं नाव आहे त्या साइटवर. पुढारी आलते.” मग आवाज खाली आणून, “आत्याला काय समजतंय? हॅक झाली म्हणा. रोज कुणाची तरी होतेच.”

मी गप्प राहिले. ते म्हणाले, “मीच सांगतो.” तरी गप्प राहिले.

आता लिहितानाही मला माझ्या त्या गप्प राहण्याचा वास येतोय. क्लासवाल्याच्या साइटवर खोटी नावं टाकताना असाच येत होता, तेव्हा साबणाने गेल्यासारखा वाटला.

३१ मार्च, सोमवार

सुमनबाईंचा फोन.

“आनंदनं सांगितलं, चोरानं तोडलं म्हनून. तू जेवलीस का न्हाई दोन दिवस? हे बघ माय, जिवाला लावून घ्यू नको. चोर आला तर घर बांधनाऱ्याचा काय दोष? मी समद्या बायांना सांगितलं, पोरगी चांगली हाय, तिनं मन लावून केलं व्हतं.”

मी ‘हो’ म्हटलं. खरंच म्हटलं. ‘हो, मावशी.’

असं घाणेरडं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या पान थुंकणाऱ्या माणसाचीही आज मला इतकी किळस येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळच्या बसने नायगाव. बाई केंद्राच्या खोलीपुढे ज्वारी निवडत होत्या. बसायला पोतं पुढे केलं. मी उभ्यानेच सांगितलं. चोर कुणी नव्हता. दोन प्लगिनं होती, मी सोपं घेतलं. एकाने लिहून ठेवलं होतं की फाइली उघड्यावर पडतात, ते मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले. फोटोला नावं मी लावली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी फोटो तपासले नाहीत, नुसतं नाही म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

“वाचलं व्हतंस?”

“हो.”

“आन् मला म्हनलीस, मीच पाठवला आसंल.”

“हो.”

“मी दोन दिस फोन उलटापालटा करून बघितला गं. कोनाला गेला का, कोनाला गेला का. मला वाटलं, आपल्याच हातानं झालं. आपल्याला येत न्हाई आन् आपन हौस केली.”

मी रडायला लागले तर त्या म्हणाल्या, “आता ते न्हाई. ते तुझ्या घरी जाऊन कर.” आवाज चढवला नाही. उठल्या, गळ्यातला दोरा काढला, कपाट उघडलं, वही आणली, माझ्यासमोर ठेवली, वर त्यांचा फोन.

“मी बायांना खोटं सांगून बसले. चोर आला म्हनून. एकेकीला तू फोन कर. माझ्या फोनवरून. मी हितंच बसते.”

“काय सांगू?”

“मला सांगितलंस ते.”

आज सतरा झाले. जास्त लिहवत नाही. एकीने ऐकून घेतलं आणि ‘बरं ताई’ म्हटलं, जणू रेशन आलं नाही असं सांगितलं. एकीने माझ्या खानदानाचा उद्धार केला, मी ऐकत राहिले. बिलोलीची म्हणाली, “दिराला कळलं का? तेवढंच सांगा. कळलं का?” मला माहीत नव्हतं.

३ एप्रिल, गुरुवार

तेवीस. चाळीस पूर्ण झाले. मुक्काम काल नायगावलाच होता. बाईंनी भाकरी वाढली आणि स्वतः अंगणात जाऊन जेवल्या.

रेणुकाला फोन केला नाही. “तिच्याकडं जायाचं,” म्हणाल्या.

६ एप्रिल, रविवार

लातूर. सुमनबाई सोबत. दुकानवाल्याने रेणुकाला कामावरून कमी केलं, रोजची कटकट नको म्हणून. आता एका ओळखीच्या बाईच्या घरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोघी मायलेकी.

ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. दंडाला पांढरी पट्टी. मी सांगत असताना ती एका हाताने मुलीची वेणी घालायचा प्रयत्न करत होती. मध्येच थांबली नाही. मुलगी सारखी दाराकडे बघत होती. कुणी जिन्यावरून गेलं की आईच्या मागे सरकायची.

माझं संपल्यावर रेणुका म्हणाली, “ताई, ‘कुलूपबंद हाय’ मला तुमीच सांगितलं व्हतं. फोनवर.”

“हो.”

“मी ‘टाका’ म्हनले ते तुमच्या आवाजावर म्हनले. मावशीच्या न्हाई.”

मग तिने खरी गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या वकिलाने अर्ज केलाय. मुलीचा ताबा मागतोय. बाईने स्वतःच आपला फोटो, वय, गाव इंटरनेटवर टाकून पुरुष बोलावले, अशा आईजवळ मुलगी नको. सोबत त्या फोटोची छापील प्रत जोडलीय. तिच्या वकीलबाई म्हणतात, फोटो हिने उघड्यावर टाकला नाही हे सिद्ध कसं करायचं?

मी म्हटलं, “मी लिहून देते.”

रेणुकाने मान वर केली नाही. सुमनबाईच बोलल्या, “नावानिशी?”

“नावानिशी.”

८ एप्रिल, मंगळवार

आनंदराजना कुठून कळलं कोण जाणे. ऑफिसात आले. आधी समजावलं, मग दरडावलं. शपथपत्रावर एकदा नाव आलं की नांदेड-लातुरात तुम्हाला कुणी काम देणार नाही. कोर्टात उलटतपासणी होईल, उद्या त्या चाळीस जणी भरपाई मागतील. सगळं खरं आहे, रात्रभर मी तेच मोजत होते. मग म्हणाले, “एका बाईपायी?”

मी म्हटलं, “तुम्ही जा आता.” ते गेल्यावर पंखा मोठा केला.

लातूरच्या क्लासवाल्याचाही फोन होता. चौकटीत अजून नावं हवीत, मुलींची जास्त. म्हटलं, ते प्लगिन मी काढते आहे. तो म्हणाला, दुसऱ्याकडून बसवून घेतो. घ्या म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

वकीलबाईंच्या खोलीत तिघीच. वकीलबाई, रेणुका, मी. मुलगी सुमनबाईंबरोबर खाली उसाच्या रसाच्या गाड्यावर.

मी घरून मसुदा करून नेला होता, टाइप केलेला, नीटनेटका. ‘तांत्रिक त्रुटीमुळे सदर छायाचित्रे अनवधानाने सार्वजनिक झाली.’ वकीलबाईंनी वाचला, चालेल म्हणाल्या. रेणुकाने मागून घेतला. ती हळू वाचते, ओळीखाली बोट धरून. दोनदा वाचलं.

“अनवधानानं म्हंजी?”

“लक्ष नसताना,” वकीलबाई म्हणाल्या.

“तुमचं लक्ष व्हतं की, ताई. तुमी वाचलं व्हतं. तुमीच सांगितलं.”

वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, एवढं लिहिणं तुमच्यावर बंधनकारक नाही, विचार करा. मी कोरा कागद मागितला. हाताने लिहिलं. ‘सदर स्त्रीने फोटो फक्त केंद्रचालिकेला दिसेल ह्या माझ्या तोंडी हमीवर दिला. फोटो बाहेर पडू शकतात असा इशारा मी वाचलेला होता. मी तो तपासला नाही. फोटोला नाव व गाव मी जोडले. ह्यात तिचा काही हात नाही.’ रेणुकाने परत बोट धरून वाचलं, आणि ‘तिचा’च्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहायला लावलं. मग मी सही केली. सही नेहमीसारखी आली, तेही विचित्रच वाटलं.

वकीलबाई शिक्का आणायला आत गेल्या.

रेणुका म्हणाली, “तुमच्याकडं हाय का माझा फोटो? फोनमदी?”

होता. दोन मार्चला सुमनबाईंनी माझ्याच फोनवर पाठवला होता. तिच्यासमोर काढून टाकला. “ते काढलेलं कुठं जातंय?” तिने विचारलं. काढलेल्या फोटोंचा वेगळा डबा असतो तो उघडून दाखवला, तिथूनही काढला. लॅपटॉपमधून काढला. साइटच्या जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून काढला. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली आणि पडद्यावर माझं बोट कुठे जातं ते बघत राहिली. बाकीच्या चाळीस जणींचेही तिने तसेच काढायला लावले, एकेक. अर्धा तास गेला. फोटोतल्या बायका एकेक करून जात होत्या, कुणी हसणारी, कुणी डोळे मोठे केलेली, एक कडेवर बाळ घेतलेली.

“आता कुठंच न्हाई?”

‘नाही’ हा शब्द तोंडापर्यंत आला. सवयीने.

“माझ्याकडे नाही,” मी म्हटलं. “गुगलवरून निघालाय, आज सकाळी बघितलं. पण तुमच्या नवऱ्यासारखा आणखी कुणी उतरवून घेतला असेल तर मला माहीत नाही. ते मला कधीच कळणार नाही.”

रेणुकाने तेव्हा प्रथमच माझ्याकडे सरळ बघितलं.

“हां,” म्हणाली. “हे खरं वाटायलंय.”

मग ती उठली, दंड सांभाळत शपथपत्राचा कागद उचलला आणि वकीलबाईंना हाक मारत आत गेली.